सातवी फांक

मला अजून राग येतो. इतकी वर्षं झाली, तरी तो शिळा झालेला नाही. ज्या माणसाने आपल्या ताब्यातल्या पुस्तकांचं एक पान कधी हरवू दिलं नाही, त्याच्यावर विद्यापीठाने पुस्तकं फाडल्याचा ठपका ठेवला. ऐन परीक्षेच्या दिवसांत ठेवला. आणि ठेवणारे कोण, तर त्या ग्रंथालयातलं एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल तर शपथ, असले लोक. या रागातला काही भाग माझा माझ्यावरच आहे. तोही सांगणार आहे, त्यातून मी सुटका करून घेणार नाही. पण आधी तो माणूस कसा होता ते सांगू दे.

वडिलांच्या बदलीने आम्ही जयपूरला आलो होतो. वडील विमा कंपनीत, आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. विद्याधर नगरात वरचा मजला भाड्याने घेतला होता आणि मी मिनीबसने विद्यापीठात जायची. एम.ए., अर्थशास्त्र. ग्रंथालयाच्या अभ्यासिकेचा कारभार ज्यांच्याकडे होता, त्यांच्या काउंटरवर पहिल्या दिवशी चिठ्ठी भरून दिली. त्यांनी माझं आडनाव वाचलं, चष्मा कपाळावर चढवला.

"तू मराठी ना? मतलब, घरी मराठीच बोलता ना?"

मी हो म्हटलं.

"अच्छं. माझे वडील वर्ध्याचे. रेल्वेत होते. मी इथेच पैदा झालो, म्हणून माझी मराठी जरा लंगडते. हसायचं नाही." मग चष्मा पुन्हा नाकावर आला. "आणि मराठी आहे म्हणून किताब आधी मिळेल, असं समजू नको. लाइन तिकडे आहे."

मी रांगेत सर्वांत शेवटी जाऊन उभी राहिले. तासाभराने नंबर आला तेव्हा पुस्तक दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. परक्या गावात आपल्या भाषेचा माणूस भेटला की आपल्याला वाटतं, आता आपलं काम झालं. त्यांनी तो समज पहिल्याच दिवशी मोडून टाकला, ते बरंच झालं.

दिवाळीपासून होळीपर्यंत ते एकच तपकिरी हातविणीचा स्वेटर घालत. होळीच्या दुसऱ्या दिवशी तो उतरला की मुलं समजायची, आता परीक्षा आल्या. शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं ब्लेड आणि दाभण. टेबलावर खळीचं डबडं. आवाज मोठा. अभ्यासिकेत सगळीकडे असते तशी 'शांतता राखा' अशी पाटी तिथेही होती, ती त्यांनी काढून खिडकीच्या तुटलेल्या तावदानाच्या जागी लावून टाकली होती. त्यांचं म्हणणं, निम्म्या मुलांना मोठ्याने म्हटल्याशिवाय पाठ होत नाही, त्यांना गप्प बसवणं म्हणजे नापास करणं. म्हणून घोकणारे सगळे बाहेरच्या बरामद्यात, मनात वाचणारे आत कूलरजवळ, आणि ज्यांना वाचताना झोप येते ते अगदी काउंटरच्या समोर, त्यांच्या नजरेखाली. गोपालपुऱ्यातल्या क्लासची मुलंसुद्धा बरामद्यात येऊन बसत. त्यांचा विद्यापीठाशी काडीचा संबंध नसे. "त्यांच्या हॉस्टेलच्या कमऱ्याला खिडकी नाही," एवढंच ते सांगत, आणि ओळखपत्र विचारायचं राहून जाई.

निघताना एक कर भरावा लागे. पुस्तक परत करताना ते विचारत, "काय वाचलंस?" हिंदीवाल्यांना "क्या पढ़ा?" आपण वाचलेल्यातलं एक वाक्य सांगायचं, पुस्तकात न बघता. सांगता आलं की शिक्का. नाही सांगता आलं की पुस्तक पुन्हा आपल्याच हातात. बस चुकली तरी बेहत्तर. मी एकदा चिडून म्हटलं, "सर, तुम्हाला अर्थशास्त्र कळतं का पण?"

"नाही," ते म्हणाले. "पण रोज एकेक वाक्य सांगून सांगून तुम्ही लोकांनी मला आधा एम.ए. तर केलाय. आधा बाकी आहे, म्हणून विचारतो."

आणखी एक बोलणं त्यांचं ठरलेलं होतं. एखादं पुस्तक जागेवर नसलं तर ते कधी 'हरवलं' म्हणत नसत. "पढ़ने गई है," म्हणत. वाचायला गेलंय. येईल. आणि खरोखरच येई, कारण ते जाऊन घेऊन येत. हुशार मुलांची एक जुनी खोड होती. परीक्षेच्या आधी एकुलतं एक चांगलं पुस्तक दुसऱ्या कुणाला मिळू नये म्हणून ते भलत्याच कपाटात लपवून ठेवायचं. अर्थशास्त्राचं संस्कृत व्याकरणात, वाणिज्याचं पशुवैद्यकाच्या मागे. सर संध्याकाळी कपाटांमधून फिरत आणि स्वतःशी बोलत, "मी पहिल्या नंबरचा मुलगा असतो तर कुठे लपवलं असतं?" मग हात घालत आणि पुस्तक निघे. ज्याने लपवलं त्याला ते ओळखतही असत. त्याला दुसऱ्या दिवशी काही बोलत नसत, फक्त झोपाळूंच्या बाकावर बसवत.

पण शोधून काढलं तरी पुस्तक एकच. मागणारे पंधरा. विद्यापीठ नवीन प्रती घेत नव्हतं, फाटकाला रंग मात्र दर वर्षी द्यायचं. एका वर्षी म्हणे पेपरच्या आदल्या दिवशी काउंटरवर एका पुस्तकासाठी दोन मुलांची ओढाताण झाली आणि पुस्तक मधोमध उसवलं. सरांनी दोन्ही तुकडे हातात घेऊन पाहिले, एक एकाला दिला, दुसरा दुसऱ्याला दिला. म्हणाले, "बैठो. घंटे भर बाद बदल लेना." त्या संध्याकाळी ते घरी गेले नाहीत म्हणतात.

तेव्हापासून त्यांची ती पद्धत सुरू झाली. होळीनंतर स्वेटर उतरला की ज्या पुस्तकांची एकेकच प्रत आहे ती सगळी ते आतल्या खोलीत नेत, ब्लेडने पुठ्ठ्यापासून सोडवत, प्रकरणाप्रमाणे भाग करत आणि प्रत्येक भागाला खाकी कागदाचं कव्हर घालून दाभणाने टाके घालत. एका पुस्तकाची आठ पुस्तकं होत, दहा होत. या भागांना ते फांक म्हणत. संत्र्याच्या फोडीला हिंदीत फांक म्हणतात. "आमच्या वर्ध्याकडे संतरा," ते म्हणायचे, जरी वर्धा त्यांनी आयुष्यात दोनदाच पाहिलं होतं. "पूर्ण संतरा एकाने तोंडात घालायचा असतो का? सोलायचा, फांका करायच्या, सगळ्यांना द्यायच्या. आणि संतरा बिघडतो का त्याने?"

एप्रिल-मेच्या दिवसांत त्या अभ्यासिकेत वेगळाच बाजार भरे. "तीसरी किसके पास है?" "पाँचवीं दे, चौथी ले." एकच ग्रंथ दहा जण एका वेळी वाचत आहेत, हे मी दुसऱ्या कुठल्या विद्यापीठात पाहिलेलं नाही. आणि फांक चोरीला जात नसे. संपूर्ण पुस्तक चोरण्यात काही अर्थ आहे, मधली चाळीस पानं चोरून कोण काय करणार? जूनमध्ये परीक्षा संपल्या की सर आतल्या खोलीत बसत, बाहेर उन्हाळ्याची गरम लू चाललेली असे, आणि सगळ्या फांका जोडून, शिवून, खळ लावून, दाबाखाली ठेवून पुस्तकं पुन्हा अखंड करत. जुलैत मोजणी होई तेव्हा पुस्तक आधीपेक्षा मजबूत असे. पान एकही कमी नाही.

फांक अभ्यासिकेबाहेर न्यायची नाही हा नियम त्यांचाच, आणि तो मोडला तोही त्यांनीच, मुलींसाठी. आम्हा बऱ्याच जणींना सातच्या आत घरात असावं लागे. मुलं अभ्यासिका बंद होईपर्यंत बसत. सरांना हा अन्याय वाटे. म्हणून मुलींना फांक घरी नेता येई, सकाळी दहाच्या आत परत. त्या बदल्यात ते तारण म्हणून काय ठेवून घेत, तर पेनाचं टोपण.

पैसे नाहीत, कारण सगळ्यांकडे नसतात. ओळखपत्र नाही, कारण त्याशिवाय परीक्षेला बसता येत नाही आणि कुणाची मान अशी आवळून धरू नये. टोपण! काउंटरच्या खणात एक लाकडी पेटी होती, तिच्यात रंगीबेरंगी टोपणं, प्रत्येकाला रोल नंबरची चिठ्ठी गुंडाळलेली. "उघडं पेन माणसाला चैन पडू देत नाही," ते म्हणत. "पर्समध्ये स्याही लागते, कपड्याला लागते. प्रत्येक वेळी आठवतं की सरांचं काही द्यायचं आहे." माझ्या दोन कुडत्यांवर त्या वर्षीचे निळे डाग होते. आई म्हणायची, "अगं, त्या माणसाला म्हणावं, दुसरं काहीतरी ठेवून घ्या, साबण संपला घरातला."

आता त्या दिवसाकडे येते.

अर्थमितीचा पेपर परवावर आला होता. सगळ्यांना धडकी भरवणारा पेपर. ग्रंथालयात त्याचं एकच जाडजूड पुस्तक, सरांनी त्याच्या अकरा फांका केलेल्या. सातवी, पान दोनशे एक्केचाळीस ते दोनशे अठ्ठ्याऐंशी, यातून सोळा मार्कांचा प्रश्न दर वर्षी यायचाच. आदल्या संध्याकाळी ती माझ्या वाट्याला आली होती. सकाळी दहाच्या आत परत करायची होती. मी ती मुद्दाम घरी ठेवून आले. आणखी एक दिवस ती एकटीने वाचायला मिळावी म्हणून. काउंटरवर सरांना सांगितलं, "सर, विसरले."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "संध्याकाळपर्यंत आण. नऊ जण थांबलेत," एवढंच बोलले. मला खात्री आहे, त्यांना कळलं होतं. पशुवैद्यकाच्या मागे हात घालून पुस्तक काढणाऱ्या माणसाला हे कळणार नाही होय!

त्याच दिवशी तपासणी समिती आली. विद्यापीठाला दर्जा ठरवून देणारी. तिच्यासाठी आठवडाभर धावपळ चालली होती. भाड्याने आणलेल्या कुंड्या जिन्यावर मांडल्या, कबुतरांची घाण खरवडली, दारावर नवी पाटी लागली, 'परीक्षार्थियों हेतु विशेष सुविधा'. आणि त्या विशेष सुविधेचा पहिला भाग म्हणून मुख्य ग्रंथपालांनी सरांना हुकूम दिला होता की तीन दिवस अभ्यासिका बंद ठेवा, म्हणजे स्वच्छ दिसेल. परीक्षेच्या तोंडावर! मुलं नसली की अभ्यासिका किती सुंदर दिसते, हे सुचायलासुद्धा एक प्रकारची बुद्धी लागते. सरांनी सांगितलं, बंद होणार नाही. लेखी मागितलं तर लेखी दिलं. मुख्य ग्रंथपाल उंटावरून शेळ्या हाकणारे गृहस्थ, स्वतः खाली उतरून कुलूप लावायला काही ते आले नाहीत.

समितीतले तिघे आत आले तेव्हा सगळी बाकं भरलेली होती. अध्यक्षांना हे आवडलं असावं, चेहरा खुलला होता. त्यांनी कौतुकाने एका मुलाच्या हातातली फांक उचलली.

"यह क्या है?"

"किताब है, सर."

"बाकी किताब कहाँ है?"

मुलाने अगदी निर्मळपणे बोट फिरवलं. "थोड़ी इसके पास है सर, थोड़ी उसके पास. थोड़ी बरामदे में है."

मला आजही त्या उत्तरावर हसू येतं, आणि पुढचं आठवून तळपायाची आग मस्तकाला जाते. कारण अध्यक्षांच्या मागे उभ्या असलेल्या मुख्य ग्रंथपालांनी तोंडावर हात ठेवला आणि म्हणाले, "किताबें फाड़ दीं? सर, मुझे इसकी कोई जानकारी नहीं थी." जानकारी नव्हती! दर जूनमध्ये दोऱ्याच्या रिळांच्या आणि खळीच्या मागणीवर सही कुणाची असायची? जोडलेली पुस्तकं मोजून घेताना पाठीवर थाप कोण मारायचं? ही सगळी मंडळी इतकी वर्षं त्या माणसाच्या दोऱ्यावर उभी होती, आणि पाहुण्यांसमोर एका वाक्यात हात झटकून मोकळी झाली.

सर काउंटरमागून बाहेर आले. त्यांनी समजावून सांगायचा प्रयत्न केला. फाडलेली नाहीत, उघडलेली आहेत. जूनमध्ये जोडतो. अध्यक्ष ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. त्यांनी सांगितलं, सगळी पुस्तकं आत्ता, याच जागी, पूर्ण करून दाखवा. सर म्हणाले, परवा पेपर आहे, चार दिवस थांबा. मुख्य ग्रंथपाल गरजले, "अभी!"

मग सरांनी एक सतरंजी अंथरली आणि खाली बसले. एकेका पुस्तकाचं नाव घेत गेले आणि मुलं उठून आपापल्या हातातली फांक त्यांना आणून देत गेली. कुणी अर्ध्या वाक्यावरून उठलं होतं. बरामद्यातलं घोकणं हळूहळू बंद पडलं. सव्वीस पुस्तकं होती. पंचवीस पूर्ण निघाली, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. सव्विसावं अर्थमितीचं. सर बोटांनी मोजत गेले. सहावीनंतर आठवी.

"सातवाँ हिस्सा?" अध्यक्षांनी विचारलं. "गुम हो गया?"

"जी नहीं," सर म्हणाले. "पढ़ने गया है."

"किसके पास?"

"मेरी ज़िम्मेदारी पर गया है."

"नाम बताइए," मुख्य ग्रंथपाल म्हणाले. "जिसके पास है उसका एडमिट कार्ड रोका जाएगा."

टोपणांची पेटी समोरच काउंटरवर उघडी पडली होती. त्यात त्या दिवशी एकच टोपण होतं, निळं, माझ्या रोल नंबरच्या चिठ्ठीत गुंडाळलेलं. सर सावकाश उठले, पेटीचं झाकण लावलं आणि ती जेवणाच्या डब्याच्या पिशवीत ठेवून दिली. साहेबांना वाटलं, म्हातारा सुपारीची पेटी आवरतोय. मग सरांनी पूर्ण अभ्यासिकेवरून नजर फिरवली, प्रत्येकाकडे पाहिलं, फक्त माझ्याकडे पाहिलं नाही. मला ते कळलं. माझ्या शेजारच्या मुलीला ठाऊक होतं, तिने कोपराने ढोसलं. एक वाक्य बोलायचं होतं, 'माझ्याकडे आहे, घरी आहे, दोन तासांत आणते.' मी बोलले नाही.

घरी आल्यावर आईला सांगितलं. आई म्हणाली, "उद्या सकाळी पहिल्यांदा जाऊन दे आणि पाया पड त्यांच्या." वडील म्हणाले, "पेपर होईपर्यंत चकार शब्द काढायचा नाही. नाशिकची ऑर्डर हातात आहे माझ्या. तुझं वर्ष गेलं तर इथे कुणाच्या भरवशावर ठेवायचं तुला?" मला जे ऐकायचं होतं तेच वडील बोलले, आणि मी त्यांचं ऐकलं. आज्ञाधारक मुलगी! त्या फांकेचा शब्द न् शब्द पाठ केला. सोळा मार्कांचा प्रश्न आला. मी लिहिला. प्रथम वर्ग मिळाला.

पेपर झाल्यावर पिशवीत फांक घेऊन ग्रंथालयात गेले. अभ्यासिकेला कुलूप होतं. 'रख-रखाव हेतु बंद', देखभालीसाठी म्हणे. परीक्षा अजून चालू होत्या, आणि मुलं झाडाखाली वर्तमानपत्रं अंथरून बसली होती. सरांना तळघरात जुन्या मासिकांवर नेमलं होतं आणि चौकशी लावली होती. पहारेकरी खाली सोडेना. मी हट्ट धरला असता तर सोडलं असतं. मी तिथून परत फिरले. आठवड्यात सामान बांधलं गेलं आणि सातवी फांक माझ्या ट्रंकेत नाशिकला आली.

पुढे मी बँकेत लागले. बदल्या झाल्या, घरं बदलली, तो खाकी कागद प्रत्येक घरात माझ्याबरोबर आला. कुठल्याच कपाटात तो मला नीट ठेवता आला नाही. आणि दोन वर्षांपूर्वी माझीच बदली जयपूरला झाली. जगतपुऱ्यात फ्लॅट घेतला. विद्यापीठात जायला मला त्यानंतरही वर्ष लागलं, हे लिहिताना लाज वाटते.

ग्रंथालय आता ओळखू येत नाही. कार्ड दाखवून उघडणारं दार, काचा, गुबगुबीत रंगीत खुर्च्या. अभ्यासिकेच्या जागी 'परीक्षा सहायता केंद्र'. पुस्तकं काचेच्या कपाटांत, कपाटांना कुलपं. मुलं त्या कपाटांकडे पाठ करून मोबाइलमध्ये कुणाच्या तरी नोट्स वाचत होती. एक पान फाटलेलं दिसलं नाही. फाटणार कसं? हात लागला तर ना!

काउंटरवरचा तरुण सभ्य होता. त्याने संगणकात पाहिलं. "मैडम, यह किताब अब नहीं है. अधूरी थी, इसलिए रद्दी में निकाल दी गई. अधूरी किताब नहीं रख सकते, नियम है."

दहा फांका रद्दीत गेल्या, कारण सातवी माझ्याकडे होती. मी त्या नियमावर चिडले, त्या तरुणावर विनाकारण चिडले, आणि बाहेर येऊन कुंडीच्या कठड्यावर बसले तेव्हा कुणावर चिडायचं तेच उरलं नव्हतं. तिथल्या जुन्या पहारेकऱ्याने सरांचा पत्ता सांगितला. जगतपुरा स्टेशनच्या मागची गल्ली. ज्या गल्लीच्या तोंडाशी मी वर्षभर भाजी घेत होते.

दार त्यांनीच उघडलं. केस सगळे गेलेले, चष्मा जाड झालेला. तपकिरी स्वेटर तोच, किंवा तसाच. मी नाव सांगायला तोंड उघडलं, पण त्यांची नजर माझ्या हातातल्या खाकी कव्हरवर होती.

"सातवी," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. आत बसवून त्यांनी पाणी दिलं. मी सगळं ओकले, विसरले नव्हते, मुद्दाम ठेवली होती, गप्प राहिले. ते मान हलवत राहिले, जणू काल संध्याकाळची गोष्ट ऐकताहेत. शेवटी मीच चिडून विचारलं, "तुम्ही माझं नाव का नाही सांगितलंत?"

"परसों तुझा पेपर होता ना," ते म्हणाले.

"पण तुमचं काय झालं त्यात! तळघर, चौकशी. रिटायर झालात तेव्हा कुणी साधा हार घातला नाही म्हणे."

तेव्हा मात्र त्यांचा आवाज चढला, तोच अभ्यासिकेतला आवाज. "हाराचं काय घेऊन बसलीस? मला गुस्सा कशाचा आहे, सांगू? त्या दिवशी वाचत बसलेल्या मुलांच्या हातातून सव्वीस किताबें मी काढून घेतली. मी. या हातांनी. दोन दिवसांवर पेपर, आणि मुलं रिकाम्या हातांनी बघत बसली. मी नाही म्हणायला पाहिजे होतं. नोकरी गेली असती तर गेली असती." इतकी वर्षं ते माझ्यावर चिडले असतील असं मी धरून चालले होते. ते स्वतःवर चिडलेले होते.

मी सांगितलं की पुस्तक रद्दीत गेलं. त्यांनी माझ्या हातातल्या खाकी कव्हरकडे पाहिलं. मग म्हणाले, "मग आता हेच पुस्तक."

आत जाऊन ते लाकडी पेटी घेऊन आले. तिच्यात एकच निळं टोपण होतं, चिठ्ठीवरचा माझा रोल नंबर फिका झालेला. त्यांनी फांक मांडीवर घेतली, बोट ओलं करून पानं मोजायला लागले. दोनशे एक्केचाळीस, दोनशे त्रेचाळीस, असं शेवटच्या पानापर्यंत. "पूर्ण आहेत," ते म्हणाले, आणि टोपण उचललं. मी हात पुढे केला.

"काय वाचलंस?"

मी आठवायला लागले. सोळा मार्क आठवले. पेपरचा दिवस, माझी जागा, पंख्याचा आवाज आठवला. शीर्षकसुद्धा आठवलं. त्या शीर्षकाखालचं एक वाक्य आठवेना. ज्या अठ्ठेचाळीस पानांसाठी मी नऊ जणांना ताटकळत ठेवलं आणि या माणसाला तळघरात जाऊ दिलं, त्यांतलं एक वाक्य माझ्यापाशी नव्हतं. पेपर संपला आणि त्याच्याबरोबर ती पानंही माझ्यातून निघून गेली होती. मी मान हलवली.

त्यांनी टोपण पुन्हा पेटीत ठेवलं आणि झाकण लावलं. फांक माझ्याकडे सरकवली आणि खिडकीजवळच्या खुर्चीकडे बोट केलं. मी उठले, खिडकीत जाऊन बसले, आणि दोनशे एक्केचाळिसावं पान उघडलं.

आतून त्यांच्या पत्नीने विचारलं, "चाय रखूँ क्या?"

"चहा नंतर," ते म्हणाले. "ती वाचते आहे."